ड्रमलाइन मैदानात फाटते तेव्हा आधी पाय बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पुण्यात नऊ वर्षं पथकात ताशा वाजवला, आता डॅलसजवळ राहता. मुलगी नववीत गेली आणि शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये तिसरा बास ड्रम वाजवते. बँड डायरेक्टरना तुमच्या ताशाबद्दल कळलं आणि त्यांनी ड्रमलाइन, म्हणजे बँडमधल्या ड्रमवाल्यांची रांग, शिकवायला हातभार लावाल का म्हणून विचारलं. पाच स्नेअर (खड्या आवाजाचे ड्रम), दोन टेनर (एकाच्या अंगावर अनेक ड्रमचा संच), पाच बास (उभ्या पडद्याचे मोठे ड्रम) आणि पुढे पिटमध्ये, म्हणजे एका जागी ठेवलेल्या वाद्यांवर, नऊ मुलं. खोलीत मेट्रोनोमवर सगळं जुळतं, मैदानात गेलं की फाटतं, म्हणजे ठोके एकमेकांपासून सुटतात. सोबत तुम्ही सरावाचा व्हिडिओ पाठवलाय. पहिली स्पर्धा सप्टेंबरच्या शेवटी आहे. ताशाचा इथे उपयोग होईल का, आणि सुरुवात कुठून करू?

उपयोग होईल. मात्र ज्या गोष्टीच्या जोरावर तुम्ही जाणार आहात ती थोडे दिवस बाजूला ठेवावी लागेल.

मी चौदाव्या वर्षी साताऱ्याहून आई-बाबांबरोबर टेक्ससला आले, इथल्या हायस्कूलमध्ये आधी बास आणि मग स्नेअर वाजवला, आणि गेली सोळा वर्षं शाळांच्या ड्रमलाइन शिकवते. जून-जुलैत पुण्याला मामाकडे गेले की पथकाच्या सरावाला जाऊन बसते. दोन्हीकडचं जवळून पाहिलंय, म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते.

पथकात लय ताशाची. ताशाने हात, म्हणजे ठोक्यांची चाल, बदलला की ढोल बदलतात, ताशा चढला की ढोल चढतात. चौक जवळ आला की वेग वाढतो आणि तो वाढायलाच हवा, कारण ऐकणारा माणूस वादकांपासून चार हातांवर उभा असतो आणि त्याच्या अंगात तीच लय भिनलेली असते. इथे ऐकणारा स्टँडमध्ये उंचावर बसलेला असतो आणि वाजवणारी दीडशे-दोनशे मुलं फुटबॉलच्या मैदानभर पसरलेली असतात. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे पुढच्या रेषेपासून ४० यार्ड मागे उभ्या असलेल्या स्नेअरचा ठोका पुढच्या रेषेवर पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. गाणं १६० च्या टेम्पोत, म्हणजे मिनिटाला १६० मात्रा, असेल तर एका मात्रेचा चौथा भाग त्याहून लहान असतो. मागच्या मुलाने अगदी बरोबर वाजवलं, पुढच्यानेही अगदी बरोबर वाजवलं, तरी वर बसलेल्याला दोघं पाव मात्रेने फाटलेले ऐकू येतात. तुमच्या व्हिडिओत जे फाटतंय त्यातलं निम्मं हेच आहे. मुलांचे हात चांगले आहेत.

म्हणून ड्रमलाइनचा पहिला धडा कुणी कुणाकडे बघायचं आणि कुणी कुणाचं ऐकायचं, हा असतो. मधला स्नेअर, ज्याला मुलं सेंटर म्हणतात, तो ड्रम मेजरच्या, म्हणजे पुढे उभं राहून हाताने ताल दाखवणाऱ्या मुलाच्या, हाताकडे बघतो. बाकीचे स्नेअर, टेनर आणि बास आपापल्या जागेवरून मध्याकडे कान लावतात. ड्रमलाइनच्या पुढे असलेले ट्रंपेट, ट्रॉम्बोन मागून येणाऱ्या आवाजाबरोबर वाजवतात. आणि पिट, म्हणजे मैदानाबाहेर पुढच्या रेषेवर मरिंबा, व्हायब्राफोन, टिंपनी घेऊन उभी असलेली मुलं, ती तर ड्रम मेजरकडे बघून वाजवतच नाहीत. पाठीमागून ड्रमलाइनचा आवाज कानावर आला की त्याच्याबरोबर वाजवतात. असं केलं की सगळा आवाज एकाच लाटेवर बसून स्टँडकडे जातो. ड्रमलाइन पुढे आणि ब्रास, म्हणजे ट्रंपेट-ट्रॉम्बोन, मागे अशी रचना एखाद्या सेटमध्ये (मैदानावरच्या ठरलेल्या मांडणीत) आली तर मात्र मागच्यांना ऐकून वाजवता येत नाही, तिथे सगळ्यांनी बघायचं. हे सेट कोणते ते डायरेक्टरकडून लिहून घ्या आणि मुलांना एकेक करून सांगा. ‘ऐका रे’ एवढंच म्हटलं तर मूल सगळ्यात मोठा आवाज ऐकतं, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

याच कारणाने मेट्रोनोमचा स्पीकर पुढे, डायरेक्टर उभे राहतात त्या टॉवरपाशी ठेवू नका. तो ड्रमलाइनच्या मागे ठेवा, आणि ड्रमलाइन हलली की कुणीतरी तो उचलून तिच्यामागे फिरवा. पुढे ठेवलेला स्पीकर मुलांना उलट सवय लावतो आणि मग स्पर्धेच्या दिवशी स्पीकर नसताना सगळी इमारत कोसळते. मी हे पहिली तीन वर्षं चुकवलं होतं, म्हणून एवढं ठासून सांगते.

आता पायांकडे येते, कारण खरं काम तिथेच आहे.

पथकात आपण चालतो, पण पावलाचा ठोक्याशी करार नसतो. दोन पावलं पुढे, थांबा, वळा. ताशा बांधून चार-पाच तास उभं राहण्याची ताकद तुमच्याकडे आहे आणि ती मोठीच गोष्ट आहे, पण पाऊल मोकळं आहे. इथे डावा पाय एकवर, उजवा दोनवर, शो संपेपर्यंत. नेहमीचं पाऊल पाच यार्डांत आठ, म्हणजे एका पावलाला साडेबावीस इंच. ड्रिलमध्ये, म्हणजे मैदानावरच्या चालीच्या आराखड्यात, कधी पाच यार्डांत सहाच पावलं येतात, तेव्हा ते ३० इंचांचं होतं. आणि ड्रमलाइन स्टँडकडे तोंड ठेवूनच आडवी सरकते, एक पाय दुसऱ्यापुढून टाकत. मुलं त्याला क्रॅब म्हणतात, चाल खरंच खेकड्याची. पाय ओलांडताना कंबर वळली की ड्रम वळतो, ड्रम वळला की काडी मधोमध पडत नाही, आणि खोलीत घासूनपुसून बसवलेला आवाज तिथे पसरतो.

माझ्याकडे एक स्नेअरवाला होता, सरावाच्या पॅडवर त्याच्याइतका स्वच्छ हात कुणाचा नव्हता. मैदानात एका ठरावीक जागी तो दरवेळी घाई करायचा. मी दोन आठवडे त्याचे हात दुरुस्त करत बसले. शेवटी एकदा स्टँडच्या पायऱ्यांवर बसून फक्त त्याचे बूट बघितले. त्या आठ मात्रांत त्याचं पाऊल मोठं होतं, पोचणार नाही या भीतीने तो पाय लवकर टेकवत होता, आणि हात इमानदारीने पायाच्या मागे जात होते. हात बरोबरच होते. तेव्हापासून कुठेही फाटलं की मी आधी खाली बघते.

तपासायची रीत सोपी आहे. एकच साधा व्यायाम घ्या, उजव्या हाताने आठ, डाव्या हाताने आठ. आधी उभं राहून. मग जागेवर पाय हलवत, म्हणजे मार्क टाइम. मग सरळ चालत. मग क्रॅबमध्ये डावीकडे, उजवीकडे. जिथे पहिल्यांदा फाटेल तिथे थांबा, पुढे जाऊ नका. बहुतेक लाइन उभ्याने छान वाजवतात आणि मार्क टाइम सुरू झाला की लगेच डळमळतात. मग ड्रम उतरवून ठेवायला सांगा. नुसते पाय, आणि तोंडाने आपापला भाग म्हणायचा.

आणि इथे तुमच्याकडचं सोनं बाहेर काढा. तोंडाने म्हणणं आपल्या रक्तात आहे. तबलेवाला पढंत करतो, पथकातला नवा वादक कागद न बघता तोंडीच हात शिकतो. इथली मुलंही म्हणतात, रिकाम्या मात्रांवर ‘डट, डट’ करत मोजतात, पण पूर्ण भाग तोंडाने म्हणायला लाजतात. नोटेशनवरून शिकल्यामुळे त्यांना वाटतं की कागदावर आहे म्हणजे डोक्यात आहे. त्यांना म्हणायला लावा. ठोका जड असेल तिथे आवाज जड, हलका असेल तिथे हलका. पाय चालू, तोंड चालू, हात रिकामे. ज्याला चालताना म्हणता येतं त्याला चालताना वाजवता येतं. दोन आठवड्यांत फरक दिसेल, आणि हा भाग तुमच्याइतका चांगला बाकीच्या स्टाफला शिकवता येणार नाही.

हातांबद्दलही बोलायला हवं. मुलं तुमच्याशी रुडिमेंटच्या, म्हणजे ठोक्यांच्या मूळ पाठांच्या, भाषेत बोलतील: पॅराडिडल (उजवा-डावा-उजवा-उजवा), फ्लॅम (मुख्य ठोक्याच्या किंचित आधी एक हलका ठोका), ड्रॅग (आधी दोन हलके ठोके), आणि ‘चीज’ असली नावंही, म्हणजे फ्लॅम लावलेला डिडल (एकाच हाताचे दोन ठोके). ही पद्धत लष्करी ड्रमवाल्यांकडून आली. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या रुडिमेंटल ड्रमरच्या संघटनेने १३ आवश्यक रुडिमेंट ठरवले, पुढे ते २६ झाले, आणि १९८४ पासून पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीची ४० ची यादी चालते. सगळे ४० पाठ करायला बसू नका. एकेरी ठोके, दुहेरी ठोके, पॅराडिडल, फ्लॅम आणि लांब रोल, एवढ्यांची नावं आणि त्यांचा हात तुमच्या तोंडी असला की मुलं तुम्हाला आपलं मानतील.

ताशावर काडी पडद्याजवळ असते, मनगट आणि बोटं भरभर. मार्चिंग स्नेअरची काडी जाड आणि जड, वरचा पडदा अरामिडच्या धाग्यांचा आणि टेबलासारखा कडक ताणलेला. तो काडी स्वतःच वर फेकतो. तिला वर येऊ द्यायचं की खाली रोखायची, सगळी कला तिथे आहे. म्हणून इथे उंची इंचात मोजतात. हलका ठोका तीन इंचांवरून, जड ठोका नऊ किंवा बारा इंचांवरून, लाइन जसं ठरवेल तसं. पाच जणांच्या काड्या एकाच उंचीवरून आल्या की आवाज आपोआप एक होतो. जड ठोक्यानंतरचा हलका ठोका हा सगळ्यात मोठा शत्रू. काडी नऊ इंचांवरून खाली आली की ती तीनवर थांबवायची असते, आणि मूल तिला सहापर्यंत उडू देतं. मग पुढचे सगळे हलके ठोके जाड होतात आणि लांबून ऐकताना जड-हलका फरकच उरत नाही. रोज दहा मिनिटं नुसतं एवढंच करा, ८० च्या टेम्पोत, काडीकडे बघत. कंटाळवाणं आहे. त्याला पर्याय मला सोळा वर्षांत सापडला नाही.

स्नेअरची डाव्या हाताची पकड पारंपरिक ठेवायची की दोन्ही हात सारखे, यावर इकडे लोक तासन्तास बोलतात. पारंपरिक पकड आली ती ड्रम कुशीला तिरका टांगायचे तेव्हा. शाळेत जी चालू असेल ती चालू द्या. हंगामाच्या मध्ये पकड बदलायला लावणं हा मुलांवर अन्याय आहे.

टेनरबद्दल एकच गोष्ट. मुलं त्यांना ‘क्वाड्स’, म्हणजे चौकडी, म्हणत असली तरी त्यावर पाच-सहा ड्रम असतात. ठोका ड्रमच्या मधोमध मारायचा नसतो, कड आणि मध्य यांच्यामधल्या पट्ट्यात मारायचा असतो, आणि प्रत्येक ड्रमची ती जागा दरवेळी तीच हवी. त्यासाठी व्यायाम आधी सगळा एकाच ड्रमवर, मग हातांची उंची तशीच ठेवून इकडून तिकडे.

बास ड्रमवर मात्र मी थांबणार आहे, मुलगी तिथे आहे म्हणून आणि तुम्हाला सगळ्यात नवखं तेच वाटेल म्हणूनही. आपले ढोल सगळे एकच वाजवतात. चाळीस ढोल, एक हात. तीच त्याची ताकद. इथल्या पाच बासचा सूर वेगवेगळा, पहिला सगळ्यात लहान आणि उंच सुराचा, पाचवा सगळ्यात मोठा आणि खर्जातला. एकच ओळ पाच जणांत वाटलेली असते. सोळा बारीक ठोक्यांची धाव असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार ठोके येतात, मध्ये मध्ये रिकाम्या जागा, आणि एकाने पाव मात्रा उशीर केला तर सगळ्या धावेत खड्डा पडतो. ऐकणाऱ्याला तो खड्डाच ऐकू येतो. स्नेअरमधल्या एकाची चूक बाकीचे चौघं झाकतात. बासमध्ये कुणीही कुणाला झाकू शकत नाही.

म्हणून बासला कधीही फक्त आपापला ठोका शिकवू नका. पाचही जणांनी आधी पूर्ण धाव आपापल्या ड्रमवर एकत्र वाजवायची, सगळे ठोके, एकाच हाताच्या क्रमाने. ती स्वच्छ झाली की मग फक्त आपला ठोका वाजवायचा आणि बाकीचे हवेत, काडी पडद्याला न लावता. मग शेवटी हवेतलेही काढून टाकायचे, मात्र तोंडाने म्हणत राहायचं. तिसऱ्या बासला पहिल्याचा ठोका आपल्या तोंडात ऐकू आला पाहिजे. मनगटाची हालचाल दाराची मूठ फिरवल्यासारखी, पडदा उभा असल्यामुळे वरून खाली मारण्याची सवय सोडावी लागते. आणि बासवाल्यांचं तोंड आडवीकडे असतं, ड्रम मेजर त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो. त्यामुळे त्यांना कान आणि पाय हेच दोन आधार.

एक रीत मला कधीच पटली नाही. बारीक अंगाच्या मुलाला पहिला बास, धिप्पाड मुलाला पाचवा, एवढ्यावरच वाटणी होते. वजनाचा विचार हवाच. पण पहिल्या बासच्या वाट्याला बहुतेक वेळा सगळ्यात दाट आणि अवघड ठोके येतात. मला स्वतःला नववीत कुणी हात वाजवून दाखवायलाही सांगितलं नव्हतं, उंची बघून रांगेत उभं केलं. ज्याची मोजणी पक्की त्याला पहिला द्या, मग तो थोडा उंच का असेना.

पिटची नऊ मुलं विसरू नका. ती मैदानात चालत नाहीत, म्हणून सरावात कुणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही, आणि बँडमधले सगळ्यात सुरेल कान बहुतेक त्यांच्यातच असतात. तुम्हाला मरिंबासारखं मॅलेटने वाजवायचं वाद्य येत नसेल तर ते तंत्र शिकवायला जाऊ नका, डायरेक्टर बघतील. पण आठवड्यातून एकदा ड्रमलाइनला पिटच्या तीस-चाळीस यार्ड मागे उभं करा आणि चाल न करता पूर्ण शो वाजवून घ्या. पिटला डोळे मिटून वाजवायला सांगा. मागचं ऐकून वाजवणं म्हणजे काय ते त्या दिवशी त्यांना कळतं.

वेळ कमी असतो. टेक्ससमध्ये शाळांच्या स्पर्धा चालवणाऱ्या यूआयएल या संस्थेच्या नियमाने शाळा सुरू झाल्यावर वर्गाच्या वेळेबाहेर आठवड्याला आठच तास सराव करता येतो, आणि त्यातला बराचसा पूर्ण बँडचा असतो. तुमच्या वाट्याला अर्धा-अर्धा तास येईल. त्यात पूर्ण गाणं तीनदा वाजवण्यापेक्षा आठ मात्रा घ्या. मूळ टेम्पोच्या दोन तृतीयांश वेगाने. सलग तीनदा बरोबर झालं की दहाने वाढवा. मध्ये चुकलं तर मोजणी पहिल्यापासून. दोघांना एकत्र वाजवायला लावा, सेंटर आणि त्याच्या शेजारचा. ते दोघं एक झाले की तिसरा घ्या. पाचही जणांना एकदम ‘नीट वाजवा’ म्हणण्याने काही होत नाही.

बोलण्याबद्दलही तेच. ‘घाण येतंय’, ‘पुन्हा’ असं ओरडू नका. पथकप्रमुखाचा आवाज तुमच्या अंगात असेल, तो चांगला असतो, मिरवणुकीत लागतो. इथे मुलाला तीन गोष्टी कळायला हव्यात: कुणाचं, कोणत्या मात्रेवर, काय. ‘तिसरा स्नेअर, पाचवरचा डावा ठोका उंच’ एवढं सांगा आणि लगेच पुन्हा वाजवून घ्या. एका वेळी एकच सुधारणा. दोन सांगितल्या तर दोन्ही जातात. आणि दर सरावात निदान दहा मिनिटं स्टँडच्या वरच्या पायऱ्यांवर जा, फोनवर रेकॉर्ड करा. मैदानात मुलांच्या मध्ये उभं राहून तुम्हाला जे ऐकू येतं ते स्टँडमधल्या परीक्षकाला ऐकू येणार नाही. काही स्पर्धांत परकशनसाठी, म्हणजे ड्रम आणि पिटसाठी, वेगळा परीक्षक असतो.

मुलं तुम्हाला ड्रम कोअरचे, म्हणजे शाळेबाहेरच्या स्पर्धक ब्रास-ड्रम पथकांचे, व्हिडिओ दाखवतील. त्यांच्या डीसीआय या संघटनेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली, आणि आता उन्हाळ्यात तरुण मुलं महिनोन्‌महिने फक्त हेच करतात. त्यांचा वेग बघून आपली मुलं तसं वाजवायला जातात. बघू द्या, मीही बघते. पण बघताना आवाज बंद करा आणि विचारा, यांच्या पायांत काय दिसतंय? मग बघण्याचा उपयोग होतो.

आता शरीराचं. हा भाग कृपा करून घाईत वाचू नका.

टेक्ससचा ऑगस्ट तुम्हाला माहीत आहे. खांद्यावर ड्रम, खाली डांबर किंवा कृत्रिम गवत, आणि मुलं पाणी मागायला लाजतात, कारण रांग मोडेल. तुम्हीच थांबवा. दर वीस मिनिटांनी ड्रम खाली, सावलीत पाणी. पहिला आठवडा थोडा थोडा वेळ, अंगाला ऊन सोसायला दोन आठवडे लागतात. एखादं मूल गोंधळल्यासारखं बोलायला लागलं, अडखळायला लागलं, तर ते दमलंय असं समजू नका. ताबडतोब थंड करा, शाळेच्या ट्रेनरला (खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्याला) बोलवा, ९११ ला फोन करायला संकोच करू नका.

कॅरियर, म्हणजे ड्रम अंगावर धरणारा सांगाडा, प्रत्येकाच्या अंगाला बसवून द्या. खांदे सैल, कोपर अंगालगत, हात किंचित खाली उतरता. ड्रम फार वर असेल तर खांदे कानाला लागतात आणि महिन्याभरात पाठ धरते. नववीतली मुलं वाढत असतात, ऑगस्टमध्ये बसवलेलं ऑक्टोबरमध्ये बसत नाही.

आणि कान. कामाच्या जागची सुरक्षितता बघणाऱ्या अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेची शिफारस अशी: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटं. बंद खोलीत पाच स्नेअर त्याच्या पुढे सहज जातात. प्रत्येक मुलाच्या कानात प्लग हवेत, सरावातही, आणि तुमच्याही. आपल्याकडे पथकात कुणी याचा विचार करायचं नाही. माझ्या ओळखीचे दोन ताशेवाले आज घरात टीव्हीचा आवाज वाढवत बसतात, दोघंही पन्नाशीच्या आतले. संगीतासाठीचे प्लग मिळतात, ज्यात आवाज कमी होतो पण दबका होत नाही. फोमचे साधे प्लगही चालतील, फक्त नीट आत बसवायला शिकवा.

आता मुलीबद्दल, तुम्ही विचारलं नाही तरी. शाळा तुमची पार्श्वभूमी तपासेल, तो फॉर्म आधी भरून टाका. मग पहिल्याच दिवशी डायरेक्टरना सांगा की माझ्या मुलीला सुधारणा दुसरं कुणीतरी सांगेल. तिच्या मैत्रिणींसमोर बाबांनी चुका काढल्या तर ती ड्रम सोडेल, आणि नाही काढल्या तर बाकीची मुलं बोलतील. दुसऱ्या कुणी काढल्या की दोन्ही प्रश्न सुटतात. घरी जाताना गाडीत ड्रमचा विषय तिने काढला तरच बोला.

शेवटी तुमचा व्हिडिओ. दुसऱ्या गाण्यात बासची जी धाव आहे, एकापासून पाचपर्यंत उतरणारी, ती तुम्ही चारदा चित्रित केलीय आणि चारही वेळा तिसऱ्या बासवर खड्डा पडतो. तुम्हाला वाटलं मुलगी मागे पडतेय. मी आवाज बंद करून पुन्हा पाहिलं. त्या आठ मात्रांत बासची रांग दारासारखी फिरते. पाचवा बिजागरीवर जवळजवळ उभा आहे, तिसरा नेहमीचं पाऊल टाकतोय, दुसऱ्याला मात्र लांब पाऊल टाकावं लागतंय. तो पोचण्याच्या घाईत पाय लवकर टेकवतो आणि त्याचा ठोका पायाबरोबर लवकर येतो. तिसरा अगदी जागेवर वाजतो, पण दुसरा आधीच येऊन गेल्यामुळे मध्ये पोकळी राहते आणि तिसरा उशिरा आल्यासारखा ऐकू येतो. सोमवारी त्या आठ मात्रा ड्रमशिवाय चालवा, तोंडाने म्हणत. दुसऱ्या बासला पहिल्याच पावलापासून लांब टाकायला सांगा, म्हणजे शेवटी धावावं लागणार नाही. तुमच्या मुलीला काही सांगू नका, ती बरोबर वाजवतेय.